बंड्याची कळ

गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्म्याची फ्रेम बसवता बसवता कुमुदिनीबाई सबनीस थबकल्या. डाव्या मनगटात कळ उठली होती. कळ त्यांची नव्हती, घरी असलेल्या म्हाताऱ्या बंड्याची होती.

कुत्री दुखणं मुकाट सोसतात. म्हणून आता कुत्रं म्हातारं झालं, की त्याच्या मानेत तांदळाएवढा ‘सहवेदी’ बसवणं सक्तीचं होतं. कुत्र्याच्या मेंदूत पोचणारी वेदना तो टिपायचा आणि मालकाच्या मनगटपट्ट्यातून तेवढाच चिमटा काढायचा. दुखतंय एवढं तो सांगे. का दुखतंय, ते मालकानं आपापल्या स्वभावानुसार ठरवायचं.

आणि बाईंचा स्वभाव म्हणजे देवावरही पाळत ठेवतील असा. बंड्याला सांभाळणाऱ्या गजराला त्या पाण्यात पाहू लागल्या होत्या. चिमटा बसला, की त्या दुकानातून घरच्या स्पीकरवर ओरडत, “बंड्या! काय झालं रे राजा? गजरा, काय केलंस त्याला?” लगेच दुसरी कळ येई, पहिलीपेक्षा जोरात. संशय आणखी पक्का होई.

“ताई, शपथ घेते, बोट लावलं नाही मी,” गजरा रडकुंडीला येऊन म्हणाली. त्या दिवशी बाईंनी तिला कामावरून काढलं आणि बंड्याला घेऊन डॉक्टर तांबोळींकडे गेल्या.

डॉक्टरांनी बंड्याला गादीवर निजवलं आणि बाईंना काचेपलीकडे उभं केलं. सहायकानं त्याला कुरवाळलं, पाणी पाजलं. मनगट शांत होतं.

“आता हाक मारा.”

“बंड्या!”

बंड्या धडपडत उठला. झिजलेल्या खुब्यांवर थरथरत, शेपूट हलवत काचेकडे निघाला. बाईंनी मनगट गच्च धरलं.

“कूस बदलताना थोडं दुखतंच त्याला. पण तुमचा आवाज आला, की तो तुम्हाला शोधायला उठतो. खरी कळ तेव्हा येते.”

काखेत कळसा नि गावाला वळसा! बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मग गोळ्या द्या ना!”

“त्याच्या मूत्रपिंडांना झेपणार नाहीत. एक उपाय आहे. सहवेदी उलटाही चालतो. तुमचा चेहरा, आवाज, वास, पावलं ओळखण्याची मेंदूतली वाट तेवढी बंद करता येते.”

“म्हणजे मला विसरेल तो?”

“विसरणार नाही, ताई. तुम्ही आलात, हे त्याला कळणार नाही.”

बाईंनी होकारार्थी मान हलवली. गजराच्या घरी जाऊन माफी मागितली, तिला परत आणलं.

आठवड्यानं त्या दुकानातून घरी आल्या. बंड्या सुखात पडला होता. गजरानं दूधभाताची ताटली ठेवताच त्यानं शेपूट आपटलं. बाई जवळ जाऊन बसल्या, तेव्हा त्यानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा ताटलीत तोंड घातलं.

“बंड्या,” त्या हळूच म्हणाल्या.

मनगट गप्प होतं. डॉक्टरांनी नक्की एवढंच केलं असेल ना? की गजरानंच त्याला फितवलं? कळ यावी, एवढीशी तरी यावी, असं त्यांना वाटलं आणि त्यांना स्वतःचीच किळस आली.

तरीही त्यांनी पुन्हा, जरा मोठ्यानं, हाक मारली.