येईल ती तायडी

अक्षता टाकायला वर केलेला आप्पांचा हात वरच राहिला. 'सावधान' झाले आणि वीज गेली, त्यामुळे स्पीकरवरची वाजंत्री वाजली नाही. आप्पांच्या डोक्यातल्या पूरक मेंदूला हे पटेना, त्याने आप्पांना होते तिथे थांबवले. लोक जेवायला गेले. एका मावशींनी आप्पांच्या हाताला पर्स अडकवली आणि त्याही गेल्या.

आप्पांची मुलगी शलाका सोमवारी तडक प्रयोगशाळेत पोचली. महिनाअखेरीस तिला ओस्लोत नोकरीवर रुजू व्हायचे होते, आणि असा थांबणारा बाप गॅसपाशी एकटा सोडवत नव्हता.

"बिघाड नाही, ताई," इरफान मुजावर म्हणाला. अर्धांगाच्या झटक्यानंतर आप्पांना बसवलेल्या त्या नखाएवढ्या मेंदूचा प्रोग्रॅम त्यानेच लिहिला होता. "आम्ही त्यात जागोजागी खुंट्या ठोकतो. खुंटी म्हणजे, इथवर आलो तर अमुक गोष्ट खरी असलीच पाहिजे. नसली, तर पुढे जाऊन घोळ घालण्यापेक्षा तिथेच थांबायचं. चूक कुठे आहे ते आम्हाला कळतं."

"तुम्हाला कळतं. मला तोंड कुठं लपवावं ते कळत नव्हतं. परवा मेथीपाशी थांबले. का, तर ती आधीच निवडलेली होती."

"चाचणीपुरतंच असतं हे."

"मग उपटा की खुंट्या. किती दिवस लागतील?"

"एक शब्द लागेल. प्रत्येक खुंटी मॅक्रोने लिहिलीय. मॅक्रो म्हणजे टोपणनाव. मी थोडक्यात लिहितो, यंत्र तिथे पुरता मजकूर भरतं. आता त्याला सांगायचं, तिथे काहीच भरू नकोस. सगळ्या खुंट्या एकदम गायब."

"सांगा," शलाका म्हणाली. ती उभीच होती.

आप्पा झकास चालू लागले. स्वयंपाक केला, रस्ता ओलांडला, सोसायटीच्या चेअरमनशी भांडून जिंकले. शलाका बॅग भरायची, उपसायची, पुन्हा भरायची. काहीतरी खुपत होते. मग लक्षात आले, ती आत आली की आप्पा "ये तायडे" म्हणतात, पण मान वर करत नाहीत. कुरियरवाल्यालाही ते "वाळलीस गं तायडे" म्हणाले, तेव्हा तिने पुन्हा प्रयोगशाळा गाठली.

इरफानने बराच वेळ पडद्यात डोके घातले.

"'समोर तायडीच आहे ना, नीट बघा.' अशी एक खुंटी होती. बघायचं कामही मी तिच्याच ओळीत लिहून ठेवलं. खुंटी गेली, तिच्याबरोबर बघणंही गेलं. आता येईल ती तायडी."

"ही चूक कोण करतं?"

"नवशिके," इरफान पडेल आवाजात म्हणाला. "बघणं वेगळं लिहून देतो, दहा मिनिटांचं काम आहे. मग दार वाजलं की बघतील, आणि तुम्ही नाही हे त्यांना कळेल."

"कळल्यावर?"

"त्यापुढचं काही लिहिलेलंच नाही. तिथे ते थांबायचे ना."

शलाकाने खुर्ची ओढली, पण बसली नाही. "आणि नाही लिहिलं तर?"

"खुश राहतील. तुम्ही निर्धास्त जा. दारात रोज कुणी ना कुणी येतंच."

"सांगते उद्या," म्हणून ती घरी आली.

तिच्या जागेवर सिलिंडरवाला बसला होता. पुढ्यात शिऱ्याची बशी. "ताई, सोडतच नाहीत हो," तो घास गिळत म्हणाला. आप्पा त्याला तूप वाढत होते.

"आप्पा, मी आलेय."

"ये तायडे," आप्पा खाली बघतच म्हणाले. "जरा सरकून बस. तायडी जेवतेय."