धक्क्यावरचा माणूस

प्रयोगशाळेच्या पडद्यावरचा आलेख हळूहळू शांत झाला. काचेपलीकडच्या खोलीत सहा वर्षांची नाहिदा मांडीवर चित्रपुस्तक उघडं ठेवून झोपी गेली होती. डॉ. बिडकर मागे वळून चित्रकार मंदाकिनी ओगल्यांना म्हणाले, "बाई, आज ती पहिल्यांदाच किंचाळली नाही. तुमचं पुस्तक लागू पडलं."

मालदीवची बेटं समुद्राने गिळली, तेव्हा तिथली पोरकी झालेली मुलं पुरंदरच्या पठारावरच्या या निवारा केंद्रात आणली होती. त्यांतल्या बऱ्याच जणांना झोप लागत नसे. डोळे मिटले की समुद्राचं पाणी अंगावर येई. डॉक्टरांनी मंदाकिनीबाईंना बोलावून घेतलं ते त्यासाठीच.

"आठवण म्हणजे कपाटात जपून ठेवलेला फोटो नव्हे," त्यांनी पहिल्याच भेटीत समजावलं होतं. "दर वेळी आठवलं की ती ओली होते आणि मग पुन्हा वाळते. आमचं औषध, मार्दवक, तिला जरा जास्त वेळ ओलं ठेवतं. तेवढ्या वेळात समोर जे चित्र येईल ते तिच्यात मुरतं."

"आणि आधीचं?"

"तेच बदललेलं असतं."

बाईंनी पुस्तक काढलं. शांत समुद्र, कंदील लावलेली होडी, मुलीला होडीत बसवून देणारा बाप. बाप धक्क्यावर उभा राहून हात हलवतो आणि पाणी पांघरुणासारखं त्याच्यावर येतं. मुलांच्या वडिलांचे फोटो कुणाकडेच नव्हते. चेहरा तर काढायला हवा होता. बाईंचा धाकटा भाऊ विनायक ऐन तारुण्यात तापाने गेला होता. त्याचा चेहरा त्यांच्या हाताला आपोआप येई. तोच त्यांनी दिला.

मुलं झोपू लागली. खेळू लागली. वर्षभरात केंद्राची भिंत त्यांच्या चित्रांनी भरून गेली. एकदा त्या भिंतीपाशी बाईंचे पाय थबकले. वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या रंगांत, सगळ्यांनी एकच माणूस काढला होता. प्रत्येक चित्राखाली 'बप्पा', म्हणजे त्यांच्या भाषेत बाबा, असं लिहिलेलं होतं. त्या दिवसापासून बाईंनी त्या भिंतीसमोरून जाणं टाळलं.

आणि मग नाहिदाचा बाप आला.

अली मानिकू बुडाला नव्हता. एका मालवाहू जहाजाने त्याला उचललं होतं. नंतर दूरच्या एका देशाच्या छावणीत तो अडकून पडला होता. जनुक चाचणीने नातं पक्कं ठरलं होतं. दोन्ही हात पसरून तो दारात उभा राहिला. नाहिदाने त्याला अदबीने सलाम केला आणि ती पुन्हा खेळायला गेली.

बाईंनी त्याला सगळं सांगितलं, चेहरा कुणाचा तेही. मग त्याच्यासमोरच त्यांनी डॉक्टरांना विचारलं, नाहिदाची मूळ आठवण परत आणता येईल का?

"मूळ असं काही खाली दडलेलं नाही," डॉक्टर मान खाली घालून म्हणाले. "एक करता येईल. पुन्हा मार्दवक देऊ. बाई नवं पुस्तक काढतील, यांच्या चेहऱ्याचं."

बाईंच्या कानातल्या दुभाषी यंत्राने अलीचं उत्तर सपाट आवाजात सांगितलं. "मग ती मला ओळखेल, की त्या पुस्तकाला?"

त्याने नकार दिला. मी खरं सांगेन, तिला आपोआप आठवेल, असं तो म्हणाला. डॉक्टरांनी त्याला अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो नाहिदाजवळ सतरंजीवर बसला. बाई दाराशी उभ्या होत्या. अलीने त्या रात्रीची हकिकत सांगितली. होडी उलटली. त्याने मुलीला खांद्यावर घेतलं. तिने त्याचे केस मुठीत घट्ट धरले होते. कुणीतरी दुसऱ्या होडीतून हात पुढे केला, त्याने तिला वर ढकललं आणि लाटेने त्याला ओढून नेलं.

नाहिदाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग समजूत घालावी तशी म्हणाली, "असं नव्हतं झालं. पाणी शांत होतं. बप्पा धक्क्यावर उभा होता. मी तिथे होते ना. तुम्ही नव्हता."

अलीचे ओठ हलले. बाईंना वाटलं, आता हा ओरडेल. पण त्याने शेजारचं चित्रपुस्तक तिच्यापुढे सरकवलं.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "मी नव्हतो. तू सांग."

तिने पुस्तक उघडलं. पानापानावर बोट ठेवत सगळं सांगितलं. विनायकच्या चेहऱ्यावर तिचं बोट थांबलं, तेव्हा बाईंनी दाराची चौकट घट्ट धरली. आपल्या भावाला इतक्या मायेने कुणी हात लावल्याला किती वर्षं झाली, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना स्वतःचीच भीती वाटली.

"मग तो बुडाला," नाहिदा म्हणाली. "पण हसत होता."

समोरच्या माणसाचे डोळे भरलेले तिने पाहिले. तिने पुस्तक मिटलं आणि त्याच्या हातावर हलकेच थोपटलं.

"तुमचं कुणी होतं का त्या बेटावर?"

"हो," अली म्हणाला. "एक मुलगी होती."