मैनेच्या पोटातली तार

डॉक्टर गोठ्यात शिरले तेव्हा माझे दोन्ही हात शेणानं भरलेले होते. इतके तरुण डॉक्टर येतील, हे कुणी सांगितलंच नव्हतं!

आमच्या मैनेनं, म्हणजे आमच्या म्हशीनं, वैरण सोडली होती. दिवाळीच्या पाडव्याला ती नटूनथटून मिरवणुकीत गेली आणि घरी येताच गळ्यातला झेंडूचा हार खाऊन बसली. हार आईनं दोऱ्याऐवजी बारीक तारेत ओवला होता. आई तेव्हापासून रडत होती. मैना जगते की नाही, सांगता येत नव्हतं.

डॉक्टरांचं नाव उदयसिंह. त्यांनी पिशवीतून धातू हुडकायचं हातभर दांडीचं यंत्र काढलं, चौकोनी सेल बसवला, बटण पिळलं. यंत्र गुणगुणायला लागलं, तसं बटण किंचित मागं घेऊन त्यांनी ते जेमतेम गप्प केलं. मैनेची साखळी सोडून दोरी बांधली, स्वतःचं घड्याळ गव्हाणीवर ठेवलं. तरी यंत्र ओरडेच... त्यांनी माझ्या पायांकडं पाहिलं.

"पैंजण काढा की."

मी हात धुतले आणि लाजत पैंजण काढून घड्याळाशेजारी ठेवले.

मग यंत्र मैनेच्या डाव्या कोपरामागून, छातीखालून हळूच फिरलं. टूंऽऽ... माझ्या अंगावर काटा आला. एवढं मुकं जनावर — आणि त्याचं दुखणं असं बाहेर बोलत होतं! मी यंत्राकडं बघत होते की ते धरलेल्या हाताकडं, देव जाणे.

डॉक्टरांनी मैनेला लोहचुंबक गिळायला लावलं. तार त्याला चिकटेल, मग टोचणार नाही, म्हणाले. आणि खरंच, मैना खायला लागली.

डॉक्टर मात्र तपासायला येतच राहिले. मीही वेणी घालून वाट बघायची. फक्त माझं एक पैंजण हरवलं होतं, त्यावरून आईची बोलणी चालू होती.

शेवटी मी यंत्र मागितलं, अंगणात शोधते म्हटलं. डॉक्टर का कोण जाणे चाचरले. तरी सेल बसवला, माझ्या हातावर हात ठेवून बटण लावायला शिकवलं. मी सगळं अंगण पालथं घातलं. एक गंजका खिळा सापडला, बास. मी यंत्र परत द्यायला वळले, तसं ते डॉक्टरांच्या शर्टाच्या खिशासमोर आलं, आणि... टूंऽऽ!

खिशातून माझं पैंजण निघालं.

"घड्याळाबरोबर चुकून आलतं," ते मान खाली घालून म्हणाले. "दुसऱ्या दिवशी द्यायलाच आलतो. पण दिलं असतं तर... परत यायचं कशाला? मैना तर बरी हाय."

यंत्र वाजतच होतं. बंद करायचं दोघांनाही सुचलं नाही. मी पाय पुढं केला.

"घाला की. आणि मैना बरी असली तरी येत जावा."