दहा मोजेपर्यंत

प्रशिक्षणाच्या खोलीत एकच खुर्ची रिकामी होती, तीही एका पेंगणाऱ्या माणसाशेजारी. ती शिक्षिका तिथेच अंग टाकल्यासारखी बसली. आठवडाभर तिसरीच्या पंचेचाळीस मुलांपुढे घसा सुकवायचा आणि शनिवारी दुपारी शाळेनं शिक्षक-पालकांचं हे 'मुलांचं ऐकायला शिका' गळ्यात बांधलेलं! रोज सकाळी हात जोडून ती देवाकडे एवढंच मागायची — आज आवाज चढू देऊ नकोस. मधल्या सुट्टीपर्यंत ते टिकायचं.

"तुमच्या बाहीला काहीतरी लागलंय..."

तो दचकून जागा झाला. "पीठ. बेकरी आहे माझी. पहाटेपासून उभा असतो, त्यामुळे दुपारी नुसता हजर असतो, जागा नसतो."

तिला हसू आलं. कितीतरी दिवसांनी.

"पालक का?"

"मामा. ताई नर्स आहे, शनिवारी सुटत नाही. भाचीसाठी आलोय. चिऊ म्हणतो आम्ही. हुशार आहे हो, फक्त उत्तर ओठांवर यायला वेळ लागतो तिला. आणि शाळेचं बघा!" त्यानं खिशातून चुरगळलेली चिठ्ठी काढली. "अकरा दिवस गैरहजर. अहो, मी स्वतः फाटकात सोडतो रोज! बाई डोळे मिटून हजेरी घेतात की काय?"

चिठ्ठीखाली तिचीच सही होती.

तिला आठवली खिडकीजवळची ती नवी मुलगी... नाव पुकारायचं, उत्तर नाही, फुली, पुढचं नाव. मान वर करायचंही त्राण नसायचं.

इतक्यात शिकवणाऱ्या मॅडमनी जोड्या पाडल्या. "एकानं मूल व्हायचं, एकानं मोठं. एकदाच विचारा आणि मनात दहा मोजा. पुन्हा विचारायचं नाही, उत्तर सुचवायचं नाही, उसासे टाकायचे नाहीत."

तो चिऊ झाला. एवढा आडदांड माणूस, पण शर्टाचं बटण पिळत खिडकीबाहेर बघू लागला — हुबेहूब. तिनं हजेरीसारखं पुकारलं, "चिऊ?" एक... दोन... तीनपर्यंतच जीव कासावीस झाला. आठला त्याचे ओठ हलले.

"हजर."

तिचे डोळे भरून आले. "ती सही... माझी आहे."

आता तो चिडेल, उठून जाईल... तिनं पुन्हा मोजायला सुरुवात केली.

"मीही वर्षभर तिची वाक्यं स्वतःच पुरी करायचो," तो हळूच म्हणाला. "सोमवारी मोजाल दहा?"

सोमवारी तिनं मोजले. वर्ग चुळबुळला. "बाई, ती बोलतच नाही," कुणीतरी म्हणालं. नवाला खिडकीजवळून बारीकसा आवाज आला. अकरा फुल्या तिनं मुख्याध्यापिकांसमोर दुरुस्त केल्या, मुकाट्यानं बोलणी खाल्ली.

मग चार महिने शनिवार येत गेले. तो कागदात गुंडाळलेला गरम पाव आणायचा.

"वहीत काय लिहिताय एवढं?"

"तुम्ही किती वेळा घोरलात ते."

"घोरतो कुठला! मी खोलवर ऐकतो."

प्रशिक्षण संपलं की हेही संपणार, हे तिला ठाऊक होतं. उत्तर द्यायला वेळ तिलाही लागायचा. दोन स्थळं आली होती. ती विचारात पडली, तोवर तिचं गप्प बसणं म्हणजे नकार समजून घरच्यांनी तसं कळवूनही टाकलं. तिच्याही नावापुढे फुल्याच.

शेवटच्या शनिवारी दोघं जिन्यात थांबली.

"आता मी कुणाशेजारी पेंगू?" तो हसला... मग ते हसू ओसरलं. "लग्न कराल माझ्याशी?"

 'हो' होतं — आत, अगदी तयार. पण ओठांवर... एक. आता हा "सावकाश सांगा" म्हणेल आणि निघून जाईल. चार. खालून कुणीतरी त्याला हाक मारली. तो हलला नाही. सात. त्यानं पुन्हा विचारलं नाही, चेहराही पाडला नाही. फक्त त्याचे ओठ पुसटसे हलत होते. तिनं निरखून पाहिलं — नऊ, दहा, अकरा, बारा...

तो दहाच्या पुढेही मोजत होता.

"हजर," ती म्हणाली.