सुनेत्राताईंचा हातगुण

एकाच कुपीतल्या मारक पेशी डॉ. सुनेत्रा घोरपडे यांच्या हातून तपासणीच्या चकतीत पडल्या, की कर्कपेशी मरत; डॉ. यासीन तांबोळी यांच्या हातून पडल्या, की त्याच कर्कपेशी जिवंत राहत.

कर्कपेशी विश्राम घोरपडे यांच्या, म्हणजे सुनेत्राच्या नवऱ्याच्या होत्या. साताऱ्याबाहेरच्या त्या लहानशा प्रयोगशाळेत हे काम जाणणारी माणसे दोनच. त्यामुळे मंजुरी-समितीने नात्याकडे काणाडोळा केला होता. वाटणी सोपी होती. कर्कपेशी मरतात का हे सुनेत्राने पाहायचे, निरोगी पेशी वाचतात का हे यासीनने. दोन्ही उत्तरे हवी तशी आली आणि आठवड्याभराने विश्रामला त्या मारक पेशी टोचायचे ठरले. दुसरा उपाय उरला नव्हता. सुनेत्रा रुग्णालयात गेली असताना यासीनने सहज तिचाही प्रयोग करून पाहिला, आणि तिथे माशी शिंकली.

"तुमच्या हाताला गुण आहे, ताई," तो म्हणाला. "माझ्या हातून काही मरतच नाही."

हातगुणावर सुनेत्राच्या सासूबाईंचा विश्वास होता, सुनेत्राचा नव्हता. तिने चकत्या बदलल्या, नळ्या बदलल्या, उबवण-पेटी बदलली. शेवटी दोघांनी खुर्च्यासुद्धा बदलल्या. निकाल बदलला नाही. आपल्याला काय दिसते आहे हेच तिला कळेनासे झाले. जे कळत नाही ते उद्या विश्रामच्या शिरेत कसे सोडायचे?

"पहिल्यापासून सांगा," ती म्हणाली. "मारक पेशी मारते केव्हा?"

"तिच्या पृष्ठभागावर खुणा टिपणाऱ्या ग्राहींचे दोन पक्ष असतात. चेतक ग्राही आणि आवरणारे ग्राही. समोरच्या पेशीवर शरीराची ओळखखूण दिसली, की आवरणारे म्हणतात, सोड. त्रासाची खूण दिसली, की चेतक म्हणतात, मार. ज्याचा जोर जास्त, त्याचं चालतं. आपण एक जादा चेतक ग्राही बसवला, कर्कपेशीवरची त्रासाची खूण पकडणारा."

"मग तुमच्या चकतीत तो गप्प का?"

"विश्रामदादांच्या कर्कपेशींवर ओळखखुणा भरपूर आहेत. आवरणारे जिंकत असणार. माझ्याकडे तो गप्प का, ते कळतं, ताई. तुमच्याकडे बोलतो का, ते कळत नाही."

या प्रयोगशाळेत एक प्रथा होती. पेशींना पोसायला लागणारे रक्तजल, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारे पिवळसर पाणी, प्रत्येकाने स्वतःचे द्यायचे. विकतच्या रक्तजलातून पूर्वी एकदा जंतू शिरले, तेव्हापासून ही रीत पडली होती आणि ती इतकी अंगवळणी पडली होती, की 'काय काय बदलले' याचा विचार करताना दोघांपैकी कोणालाच ती आठवली नाही. पेशी टोचायच्या आदल्या सकाळी मात्र नव्या चकत्यांसाठी रक्त काढून, कोपराशी कापूस दाबून, हात दुमडून सुनेत्रा बसली होती. समोर यासीनही अगदी तसाच बसला होता. तिने त्याच्या कापसाकडे पाहिले, मग स्वतःच्या.

त्यांनी रक्तजलांची अदलाबदल केली. सुनेत्राच्या हातून कर्कपेशी वाचल्या. यासीनच्या हातून मेल्या.

सुनेत्राला हायसे वाटले. माझे रक्तजल चालते ना, मग त्यातच पेशी द्यायच्या, ती म्हणाली.

"निरोगी पेशी मी माझ्या रक्तजलात तपासल्या होत्या, ताई," यासीन म्हणाला.

स्वतःच्या रक्तजलात ती चाचणी टाळावी असे तिला क्षणभर वाटले, आणि तसे वाटल्याचे तिच्या लक्षातही आले. तिने स्वतःच चकत्या लावल्या. संध्याकाळपर्यंत तिच्या रक्तजलातल्या विश्रामच्या निरोगी पेशीही मरून पडल्या होत्या. मग तिला मुलीचे, ऋतुजाचे, बाळंतपण आठवले आणि आपल्या रक्तजलातले काही विश्रामच्या पेशींना चिकटते का, हे तिने यासीनला पाहायला सांगितले. "चिकटतंय," तो म्हणाला. तिने रुग्णालयाला फोन करून उद्याचे टोचणे रद्द केले आणि स्वतः निघाली.

विश्रामने सगळे ऐकून घेतले. उद्याचे गेले हे त्याला समजले, पण बाकीचा गोंधळ उलगडेना.

"माझ्या पेशींशी तुझ्या रक्ताचं काय वाकडं?"

"ऋतुजाच्या वेळेपासूनचं आहे."

"वीस वर्षं मनात ठेवलंस म्हणजे," तो म्हणाला. "तरी आई सांगत होती."

सुनेत्रा हसली, मग खुर्ची जवळ ओढून तिने त्याला कारण सांगितले.

पोटातल्या ऋतुजाच्या पेशींवर निम्म्या ओळखखुणा बापाच्या होत्या. सुनेत्राच्या शरीराने त्या परक्या ठरवून त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे घडवली. ती अजून तिच्या रक्तात होती. चकतीत ती विश्रामच्या प्रत्येक पेशीला चिकटत, रोगी असो वा निरोगी. ओळखखूण झाकली गेली, की आवरणाऱ्या ग्राहींना काही दिसत नसे. आणि प्रतिपिंडाचे मोकळे टोक मारक पेशीवरच्या एका जन्मजात चेतक ग्राहीत अडके. पेशी मारी ती त्यामुळे. प्रयोगशाळेने बसवलेल्या नव्या ग्राहीने एकही पेशी मारलेली नव्हती.