उजवीकडच्या कड्या

सांग सांग करून जीव खाल्लात, म्हणून सांगतो. म्हाताऱ्याला एका जागी बसवून असलं वदवून घेण्यात तुम्हाला काय सुख मिळतं, देव जाणे. शाळा चौथीत सोडली, तेव्हा शुद्ध-अशुद्ध बघत बसू नका. आणि ‘मी, मी’ करत सांगणं मला जमत नाही. माझं नाव काळूराम, तर काळूराम म्हणूनच सांगतो. लाईट गेलीच आहे, तो कंदील जरा इकडं सरकवा.

दोन हजार सहा सालचा वैशाख. कशेळीला खाडीच्या कडेला काळूरामचं घर. दुपारचे बारा वाजत आलेले. त्याचा भाचा भावेश मानकोलीच्या गोदामात ड्युटीला. तिथं खोकं पडून फुटलं, त्यातली एक दुर्बीण साहेबानं त्याला देऊन टाकली. एका डोळ्यानं बघायची, तिपायीवर उभी करायची, लांबचे पक्षी बघतात तसली. ठाण्याचा एक पक्षीवाला ती संध्याकाळी विकत न्यायला येणार होता. पण पडून काच हलली की काय ते आधी घरीच तपास म्हणाला, आणि कसं तपासायचं तेही फोनवर सांगितलं.

लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, बेअरिंगमधला एक छर्रा घ्यायचा, गुळगुळीत लोखंडी गोळी. तो लांब उन्हात ठेवायचा. दुर्बिणीतून त्यावरची चमक ताऱ्याच्या ठिपक्यासारखी दिसते. मग दुर्बिणीचं चाक थोडं डावीकडं फिरवायचं, ठिपका फुगून कड्या दिसतात. परत ठिपक्यावर आणून थोडं उजवीकडं फिरवायचं, तिथंही तशाच कड्या दिसल्या पाहिजेत. दोन्हीकडं सारख्या, तर काच चांगली.

भावेशनं छर्रा अंगणाच्या टोकाला खाडीकडच्या बांधावर ठेवला आणि दुर्बीण ओट्यावर लावली.

“मामा, तुझी नजर घारीची. तूच बघ.”

“काम असलं की बरी आठवते माझी नजर,” म्हणत काळूरामनं डोळा लावला.

डावीकडं कड्या आल्या. कासारानं बांगड्या एकात एक ठेवाव्यात तशा गोल. मग त्यानं चाक उजवीकडं फिरवलं. कड्या आल्या, आणि कड्यांच्या आत खाडीचा पलीकडचा काठ वर आला. तिवरांची झाडं. काळा गाळ. गाळात एक बाई उभी, हात वर करून पांढरं फडकं धरलेली.

काळूरामनं डोळा काढला. नुसत्या नजरेनं समोर काठ मोकळा. रस्त्यावर ट्रकांचा आवाज कधी थांबत नाही, तो थांबलेला. ओट्यावर गाळाचा वास आलेला.

“काच बिघडलेली हाय. देऊ नको कोनाला.”

“बघू तरी.” भावेश वाकला. “काच कुठं बिघडली? कोन बाई हाय रं मामा... फडकं हलवते...”

आणि त्याचा हात वर गेला.

काळूरामनं तो धरून खाली ओढला, पण पलीकडं खूण गेली ती गेलीच. तीस वर्षांमागं काळूराम आणि चांगदेव दोघं मिळून इथं तर, म्हणजे माणसं पलीकडून ने-आण करायची होडी, चालवायचे. पलीकडून हाक ऐकू येत नाही, म्हणून उतारूनं पांढरं फडकं वर करायचं आणि तरवाल्यानं हात. हात वर केला म्हणजे, बघितलं, निघालो, तू पाण्यात पाय घालू नको. मग पुढ्यातलं ताट टाकून जायचं. भावेश लहानपणी मामाच्या मांडीवर बसून हेच शिकला होता.

“मामा... पाय उचलत न्हाय.”

ओट्याचा कोबा कोरडा ठणठणीत. भावेशच्या पँटीवर घोट्यापाशी ओली रेघ उठली होती. काळूरामनं परत दुर्बिणीला डोळा लावला. बाई गाळात नव्हती, पाण्यात उतरली होती, गुडघाभर. त्यानं मान वळवली. भावेशची ओली रेघ गुडघ्यावर आली होती.

“मामा, थंड लागतंय...”

तिसऱ्यांदा बघितलं तेव्हा तोंड दिसलं. काशी. चांगदेवची बायको.

ती माहेराहून येत होती त्या दिवशी हात काळूरामनंच वर केला होता. चांगदेव म्हणाला, “माझी बायको हाय, मी आनतो. तू जेव.” काळूराम जेवायला बसला. चांगदेव ताडी पिऊन माडाखाली आडवा झाला. वाट बघून बघून ती ओहोटीत उतरली, गाळानं पाय धरले, आणि भरती आली. गावानं विचारलं, हात कुणी केला? चांगदेव म्हणाला, काळूरामनं. त्याच्यापुढचं, ‘मी आनतो’ म्हणाला होता ते, सगळं त्यानं गिळलं. त्यानंतर काळूरामच्या होडीत कुणी बसलं नाही.

आताही भरती लागली होती. भावेशची रेघ मांडीवर चढत होती.

खेकड्यांपुरती एक लहान होडी अजून होती. काळूरामनं ती लोटली. पलीकडं पोचेपर्यंत हात सोलून निघाले. काठावर कुणी नव्हतं. त्यानं होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, गाळाला लावली, मान खाली घातली आणि म्हणाला, “बस, काशी. उशीर झाला.”

होडी पुढून खाली दबली.

परत येताना त्यानं बांधावरच्या छर्ऱ्याची चमक धरून वल्हं मारलं. चमक दिसेना. मान डावीकडं केली की दिसायची, सरळ बघितलं की झाकायची. नाळेवर त्याच्या आणि छर्ऱ्याच्या मधे कुणीतरी बसलं होतं. होडी बांधाला टेकली, हलकी झाली, आणि चमक डोळ्यात घुसली.

ओट्यावर भावेश मोकळे झालेले पाय धरून बसला होता. बांधापासून ओली पावलं निघाली होती. ती भावेशजवळून गेली, काळूरामच्या दारापाशी थांबली नाहीत, तिसऱ्या घराकडं वळली. चांगदेवचं घर. एकटाच राहतो तो. पावलं आत गेलेली, बाहेर आलेली एकही नाही.

काळूरामनं कडी वाजवली. “चांगदेव, आनली तुझी बायको. आता तरी तोंड उघड.”

आतून, अगदी दाराला तोंड लावून, तो म्हणाला, “हळू बोल... ती जेवायला बसली हाय.”

संध्याकाळी दोन्हीकडच्या कड्या सारख्या दिसल्या. पक्षीवाला काचेचं कौतुक करत दुर्बीण घेऊन गेला. भावेश त्यानंतर खाडीकडं तोंड करून बसत नाही. चांगदेवच्या ओट्यावर दोरीला एक पांढरं फडकं असतं. वैशाखाच्या उन्हातही त्यातून पाणी गळतं. तो बाजारातून दोन माणसांचं सामान आणतो, काळूराम दिसला की मान खाली घालून जातो.

जाईना का. काशीला तिचं घर मिळालं. पण गावासमोर उभं राहून खरं सांगायचं आणि काळूरामची माफी मागायची, ते अजून राहिलंय. चांगदेवचं.