गोधडीतली मालनआजी

गोधडी स्वच्छ झाली आणि चांदणीनं जेवण सोडलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं दोन दिवस घरात कुणाच्या मनातही आलं नाही.

चांदणी म्हणजे कपाळावर पांढरा ठिपका असलेली सहा वर्षांची तपकिरी कुत्री. साताऱ्याच्या प्राणिघरातून (मालक नसलेल्या प्राण्यांच्या निवाऱ्यातून) मृण्मयीनं तिला घरी आणलं, त्याला चोवीस दिवस झाले होते. घरात सगळे मृण्मयीला मिनू म्हणत. मिनू पहिलीपासून कुत्र्यासाठी मागे लागली होती आणि आता ती पाचवीत होती. होकार द्यायला आईनं चार वर्षं घेतली, कारण आईला चावण्यापासून गळणाऱ्या केसांपर्यंत सगळ्याची काळजी. त्यात नियम असा, की पहिले तीस दिवस परीक्षेचे. तेवढ्यात प्राणी रमला नाही, तर तो परत द्यायचा. रविवारी प्राणिघराच्या ताई बघायला येणार होत्या.

म्हणून तर मिनूनं ती गोधडी धुतली होती. चांदणीबरोबर आलेली, जुन्या लुगड्यांची, मळून काळपट झालेली. गरम पाणी, कडुलिंबाचा साबण, गच्चीवर दिवसभर ऊन, आणि संध्याकाळी वरून धूपही.

"आई, वाटी परत तशीच आहे."

"डॉक्टर म्हणाले ना, ताप नाही, पोटही बरं आहे," आई म्हणाली आणि तिनं सकाळपासून तिसऱ्यांदा चांदणीचं पोट चाचपलं. "पण मला नाही बाई पटत. आबांना बोलावते."

आबा म्हणजे आईचे वडील. त्यांनी चाळीस वर्षं प्रयोगशाळेत वासांचाच अभ्यास केला होता. कुणाच्याही घरात शिरताना ते आधी हुंगत. आजही दारातच म्हणाले, "काल वांगं करपलं वाटतं."

"आबा, आधी कुत्री बघा," आई म्हणाली.

चांदणी दारापाशी पडून होती. आबा तिच्याशेजारी जमिनीवर बसले. "ही झोपते कुठे?"

"गोधडीवर झोपायची. आता तिकडे फिरकतच नाही."

"गोधडीचं काय केलंत?"

"धुतली," मिनू जरा ऐटीत म्हणाली. "मी एकटीनं."

आबांनी पिशवीतून गंधदर्शक (वासांचे रंग करून दाखवणारा चष्मा) काढला आणि मिनूच्या डोळ्यांवर चढवला. खोली एकदम रंगीत झाली. आईच्या चपलांवर हिरवं धुकं होतं, मिनूच्या दप्तरावर केशरी. चांदणीच्या जुन्या पट्ट्यावर हळदीसारखा पिवळा रंग होता. आणि गोधडी? कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत निळी. नुसता साबण. फक्त एका जाड शिवणीत पिवळ्याची एक बारीक रेघ राहिली होती.

"पिवळं कोण आहे?"

"तूच सांग. पट्टा कुणी बांधला होता?"

मालनआजीनं. मालनआजी चांदणीची आधीची मालकीण. कमरेचं हाड मोडलं, तेव्हा ती वाईच्या वृद्धनिवासात गेली. तिथं कुत्र्यांना परवानगी नव्हती.

"नीट ऐक," आबा म्हणाले. "प्रत्येक वस्तूतून रेणू (पदार्थाचे अतिसूक्ष्म कण) उडत असतात. ते नाकातल्या गंधपेशींवर (वास पकडणाऱ्या पेशींवर) बसले, की आपल्याला वास येतो. आपल्याकडे या पेशी साठेक लाख. चांदणीकडे वीस-तीस कोटी असतील. त्यामुळे तिला नुसता वास येत नाही, तो किती जुना आहे तेही कळतं. ताजा वास दाट, जुना विरळ. माणूस घरातून गेलं, की त्याचा वास तासातासानं विरळ होतो. काही शास्त्रज्ञांना वाटतं, कुत्री वेळ ओळखतात ती यावरूनच."

मिनूनं चष्मा काढला. "म्हणजे तिच्यासाठी मालनआजी गेलीच नव्हती?"

"विरळ झाली होती."

"आणि मी तिला एका दुपारीत धुऊन टाकलं."

"साबण मीच काढून दिला," आई हळूच म्हणाली.

त्यांनी भिंतीवरच्या पडद्यावर मालनआजीला फोन लावला. आजीचा चेहरा दिसला, अगदी खराखुरा, समोर बसल्यासारखा.

"काय गं सटवे, जेवत का न्हाईस?"

चांदणी ताडकन उठली. पडद्याजवळ गेली. पडदा हुंगला, मग त्याच्या कडेची भिंत हुंगली. आवाज होता, पण आजी नव्हती. चांदणी पुन्हा दाराशी जाऊन बसली.

मालनआजी पदरानं चष्मा पुसत राहिली.

"आजी, मी गोधडी धुतली," मिनू म्हणाली. "मला माहीत नव्हतं."

"धुतलीस व्हय? आनि मी सहा वरसं पानी लागू दिलं न्हाई तिला." आजी हसली. "असू दे. मी उद्या लुगडं धाडते, अंगावरचं. तुझी आई नाक मुरडंल."

"नाही मुरडणार," आई म्हणाली.

मिनूला विचारायचं नव्हतं, तरी तिनं विचारलं. "आजी, ती मला कधीच आपलं म्हणणार नाही का?"

"माझं नाव फुसून तुझं लिव्हायचं आसं नसतंय, पोरी. गोधडीला काय करतो आपन? ठिगळ लावतो."

दुसऱ्या दिवशी ड्रोनच्या उडत्या टपालानं लुगडं आलं. मिनूनं त्याचा तुकडा गोधडीच्या एका बाजूला शिवला. शेजारी आदल्या रात्री घालून झोपलेल्या आपल्या जुन्या फ्रॉकचा तुकडा. टाके वाकडे आले. चांदणी आली, लुगड्यावर नाक टेकवून खूप वेळ पडून राहिली आणि रात्री तिनं अर्धी वाटी भाकरी-दूध संपवलं.

रविवारी ताई आल्या. मिनूनं धुण्याची गोष्ट स्वतःहून सांगितली आणि महिन्यातून एकदा चांदणीला वाईला, निवासाच्या फाटकापर्यंत नेणार असल्याचंही. ताईंनी कागदावर सही केली.

वाईहून परतल्यावर चांदणी एक दिवस दारापाशीच बसते. तेव्हा तिला कुणी हाका मारत नाही. पण परवा आईनं एक नवीनच सांगितलं. शाळेची बस चौकात यायच्या पाच मिनिटं आधी चांदणी गोधडीवरून उठते, फ्रॉकच्या तुकड्यावरचा मिनूचा विरळ झालेला वास हुंगते आणि दाराशी जाऊन उभी राहते. मिनूनं लगेच वहीत तारीख आणि वेळ लिहायला घेतली. आबा म्हणाले, महिनाभर नोंदी ठेव, मग बघू.

काल शाळा सुटल्यावर मैत्रिणींनी लंगडी मांडली. "थांब ना गं, एकच डाव. पुढच्या बसनं जा."

मिनूनं घड्याळ बघितलं आणि दप्तर उचललं.

"नको. घरी मी संपत आले असेन."